ड्यूकने हाकललेलं द्राक्ष

1395 सालच्या 31 जुलैला बर्गंडीचा ड्यूक फिलिप एका द्राक्षावर संतापला. हा फ्रान्सच्या राजाचा धाकटा मुलगा. चौदाव्या वर्षी प्वातियेच्या लढाईत बापाच्या शेजारी उभा राहून लढला, म्हणून त्याला धाडसी फिलिप म्हणत. इंग्रजांपुढे न डगमगलेला हा माणूस गामे नावाच्या काळ्या द्राक्षाला मात्र इतका वैतागला, की त्याने फर्मानच काढलं: माझ्या मुलखातल्या गामेच्या सगळ्या वेली उपटून टाका. फर्मानात या वेलीला बेइमान ठरवलंय, तिची वाइन माणसाच्या प्रकृतीला घातक ठरवलीय, आणि तिच्या कडवटपणाबद्दल जी विशेषणं खर्ची घातली आहेत ती एरवी शत्रूसाठी राखून ठेवतात. द्राक्षाला इतकं गांभीर्याने घेणारं सरकार माझ्या तरी ऐकिवात नाही.

गामेचं चुकलं काय, तर ते फार यायचं. अर्ध्या शतकापूर्वी प्लेगने गावंच्या गावं रिकामी केली होती, मळ्यात राबायला माणसं मिळत नव्हती. अशा दिवसांत पिनो न्वारसारख्या नाजूक प्रकृतीच्या द्राक्षामागे कोण धावणार? थंडी पडली की ते रुसणार, पाऊस लागला की कुजणार, आणि एवढं सगळं सोसून हाती येणार ते इवलेसे घड. गामे लवकर पिकायचं, घडांनी लगडायचं, लाड मागायचं नाही. शेतकऱ्याने शेतकऱ्यासारखा विचार केला. ड्यूकने नावलौकिकाचा केला. बोनच्या वाइनला पोपच्या दरबारात मान होता, आणि त्या मानावर ड्यूकची पत उभी होती. मोठ्या नावाखाली हलका माल खपवला जातोय, हा त्याचा आरोप अगदीच हवेतला नसावा. नाशिककडचा कुठलाही जुना बागाईतदार सांगेल, की वेलीवर घड फार ठेवले तर मण्यात गोडी उतरत नाही. त्यामुळे ड्यूकचं म्हणणं मला अर्धं पटतं. उरलेलं अर्धं पटत नाही, कारण ज्याला पिनो परवडत नाही त्याने जेवताना काय प्यायचं, याबद्दल फर्मानात काही तरतूद नाही.

फर्मानं काढून वेली जात नाहीत, हे पुढे ड्यूकच्या नातवाला कळलं. त्यालाही तीच बंदी पुन्हा घालावी लागली. गामे तोवर दक्षिणेला चांगलं रुजलं होतं. मॅकाँच्या खाली आणि लियोंच्या वर, सोन नदीच्या पश्चिमेला टेकड्यांची एक लांबट पट्टी आहे, तिचं नाव बोजोले. ड्यूकने फर्मान काढलं तेव्हा तिथे बोज्योच्या सरदारांची सत्ता होती, त्यामुळे ड्यूकचा राग सरहद्दीपाशी संपत होता. शिवाय जमीन वेगळी. बर्गंडीत चुनखडी, तर बोजोलेच्या उत्तर भागात ग्रॅनाइट, तोही झिजून भुगा झालेला. चुनखडीवर उनाडलेलं गामे या भुसभुशीत ग्रॅनाइटवर शहाण्यासारखं वागायला लागलं. सरकारी खात्यात शिक्षा म्हणून झालेल्या बदल्या कधीकधी अशा फळतात.

खरी गंमत पुढेच आहे. 1999 साली अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी ईशान्य फ्रान्समधल्या द्राक्षांची जनुकीय कुंडली मांडली आणि ती 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. तीत आणि नंतरच्या तपासण्यांत गामेची आई निघाली गूए ब्लां. हे गोरगरिबांच्या मळ्यातलं पांढरं द्राक्ष, ज्याला खानदानी मंडळी दारातही उभं करत नसत. आणि बाप निघाला पिनो. तोच तो, ड्यूकचा लाडका. म्हणजे बेइमान म्हणून ज्याला घराबाहेर काढलं ते खुद्द पिनोचंच लेकरू होतं. एवढ्यावर थांबत नाही. याच जोडप्याचं आणखी एक अपत्य सापडलं, ते म्हणजे शार्दोने, ज्याच्या पांढऱ्या वाइनवर आज बर्गंडीचं अर्धं वैभव उभं आहे. आईबाप तेच. एकाला गादी मिळाली आणि दुसऱ्याला वनवास.

गामे नावाची एक वाडी आजही बर्गंडीत आहे, सँतोबँ गावाला लागून. द्राक्षाला नाव तिच्यावरूनच पडलं असं मानतात. त्या उतारांवर आज मुख्यतः शार्दोने पिकतं. एका भावंडाच्या नावाची वाडी, आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव. आपल्याकडच्या तालुका कोर्टांत वाटपाचे दावे चालवणाऱ्या वकिलाला हे ऐकून नवल वाटणार नाही. तो फक्त विचारेल, तारीख कधीची मिळाली.

बोजोलेत फिरताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते वेलींचं बुटकेपण. आपल्याकडे द्राक्षबाग म्हटली की मांडव, वर पानांचं छत आणि त्याला लोंबणारे घड. इथे जुन्या मळ्यांत तारा नाहीत, मांडव नाही, ओलांडे नाहीत. प्रत्येक वेल स्वतःच्या बुंध्यावर गुडघाभर उंच उभी, चार-पाच फांद्या वर फेकून. तोडणाऱ्याला दिवसभर कमरेत वाकायचं. यंत्र आत शिरत नाही, आणि शिरलं तरी चालायचं नाही, कारण इथली वाइन करायची जुनी रीत अख्ख्या घडाची आहे. मणी न फोडता, देठासकट घड टाकीत ओततात. तळाचे मणी वरच्या ओझ्याने चिरडतात, त्यांचा रस आंबायला लागतो, त्यातून निघालेला वायू टाकीभर पसरतो, आणि वरचे साबूत मणी त्या वायूत बसून आतल्या आत आंबतात. साल फार पिळली जात नाही, म्हणून वाइनला तुरटपणा कमी आणि फळाचा वास जास्त. चहा फार वेळ उकळला की जिभेला जो कोरडेपणा चिकटतो, तो बोर्दोच्या तरुण वाइनमध्ये भरपूर सापडेल, इथे बेताचाच.

उत्तर भागातली दहा गावं-टेकड्या इतक्या नामांकित आहेत, की त्यांच्या बाटलीवर बोजोले हा शब्द बहुधा नसतोच. फ्लरी, मोर्गों, मूलँ-आ-वाँ, शिरूब्ल, ज्युलिएना, शेना, ब्रुयी, कोत द ब्रुयी, सँतामूर आणि 1988 साली पंक्तीत आलेलं रेन्ये. ज्युलिएनाचे लोक आपलं नाव ज्युलियस सीझरपर्यंत नेऊन भिडवतात. गावोगावच्या लोकांना मूळपुरुष भव्यच लागतो, त्यात काही वावगं नाही. सँतामूरच्या नावात प्रेम असल्यामुळे त्यांची वाइन फेब्रुवारीच्या चौदा तारखेच्या सुमारास आपोआप खपते. नाव ठेवणाऱ्याने विक्रीचा विचार केला नसणार, पण वंशजांनी त्याची भरपाई केली आहे. मोर्गोंच्या टेकडीवरच्या किडल्यासारख्या ठिसूळ खडकातून गडद, भरदार वाइन येते. शिरूब्ल सगळ्यांत उंचावर, तिथली वाइन सगळ्यांत हलकी. ब्रुयीच्या डोंगरमाथ्यावर द्राक्षांच्या माउलीचं एक छोटं देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वेलींवर भुरी आली, गंधकाची फवारणी घराघरांत पोचायची होती, तेव्हा लोकांनी नवस करून ते बांधलं. सप्टेंबरात आजही लोक डोंगर चढून तिथे जातात. गंधकही मारतात आणि डोंगरही चढतात. कुठलाही अनुभवी शेतकरी दोन्ही करतो.

या सगळ्या पराक्रमी मंडळींत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो रोमानेश गावचा बन्वा राक्ले. राक्लेच्या काळी पिराल नावाच्या पतंगाच्या अळ्यांनी बोजोलेचे मळे कुरतडून टाकले होते. मिरवणुका झाल्या, प्रार्थना झाल्या, अळ्या काही ऐकेनात. राक्लेच्या घराच्या भिंतीला एक वेल होती, ती तेवढी हिरवीगार. लोक सांगतात, स्वयंपाकघरातलं गरम पाणी रोज त्या वेलीच्या बुंध्याशी पडायचं. राक्लेने ते पाहिलं आणि ताडलं: अळ्या थंडीभर सालीच्या भेगांत लपून बसतात, त्यांना तिथेच चटका द्यायचा. हिवाळ्यात वेल झोपलेली असताना तिच्यावर उकळतं पाणी ओतायचा त्याने सपाटा लावला. शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं, आणि प्रामाणिकपणे सांगा, आपल्या शेजारचा माणूस किटली घेऊन बागेत फिरताना दिसला असता तर आपण काय केलं असतं? पुढे मळे वाचले तेव्हा सगळ्या गावांत किटल्या आणि बंब दिसायला लागले. राक्ले 1844 साली वारला. पुतळा उभा राहिला वीस वर्षांनी. पुतळ्यांचं वेळापत्रक सगळ्या देशांत सारखंच दिसतं. रोमानेशला दरवर्षी त्याच्या नावाने उत्सव होतो आणि त्यात नवी वाइन चाखतात. भांडी घासल्यानंतरच्या पाण्याला एवढी प्रतिष्ठा दुसरीकडे कुठे मिळाली असेल, असं वाटत नाही. ते पाणी नेमकं कोण ओतत होतं, त्या बाईचा पुतळा मात्र नाही.

पतंगानंतर आली फिलॉक्सेरा, मुळं खाणारी अमेरिकन कीड. तिने साऱ्या फ्रान्सच्या बागा झोपवल्या. शिरूब्लच्या व्हिक्तर प्युलियाने अमेरिकन मुळावर फ्रेंच कलम बांधायचा आग्रह धरला, आणि शेवटी तोच उपाय चालला. आपल्या तासगाव-नाशिकच्या बागांतही द्राक्षं आज डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटावरच उभी आहेत, कारण मात्र वेगळं: क्षार आणि दुष्काळ. ते असो.

वाइन पिकते बोजोलेत, पण ती जिरते लियोंत. लियोंला तीन नद्या आहेत, ऱ्होन, सोन आणि बोजोले, असं एक जुनं फ्रेंच वाक्य आहे, आणि तिसरीला पूर कधी ओसरत नाही. माझा मावसभाऊ मिलिंद या शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने पहिल्याच संध्याकाळी आम्हाला बूशोंमध्ये नेलं. बूशों म्हणजे लियोंची खास खाणावळ: लाल-पांढऱ्या चौकटीचे टेबलक्लॉथ, एकमेकांना कोपर लागेल इतकी टेबलं जवळ, आणि मेनूत डुकराचा एकही अवयव वाया न घालवण्याची प्रतिज्ञा. आतड्यांचं सॉसेज, गाईच्या पोटाचा तळलेला तुकडा, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. आमच्या सौ. शुद्ध शाकाहारी. मिलिंद एकेक पदार्थ समजावून सांगत गेला, आणि दर पदार्थागणिक ती पाण्याचा एकेक घोट घेत गेली.

"वहिनी, हे तुमच्यासाठी," म्हणून त्याने शेवटी एका वाडग्याकडे बोट दाखवलं. ताज्या चीजमध्ये लसूण, हिरव्या पाती, थोडा व्हिनेगर आणि तेल घालून फेटलेलं काहीतरी. मेनूत त्याचं नाव विणकराचा मेंदू असं होतं, ते त्याने वाडगा रिकामा होईपर्यंत सांगितलं नाही. सौ.च्या सासरचा असला तरी मुत्सद्दी आहे.

हे विणकर म्हणजे लियोंचे रेशीमकामगार. क्र्वा-रूसच्या टेकडीवर त्यांचे माग रात्रंदिवस चालत. रात्रपाळी संपवून सकाळी नऊच्या सुमाराला ते खायला बसत, आणि खात काय, तर सॉसेज, डुकराचं मांस आणि सोबत बोजोले. आपण सकाळी नऊला पोह्यांवर शेव घालायची की नाही यावर विचार करतो. आजही लियोंत सकाळचा हा कार्यक्रम हौसेने करणारी मंडळी आहेत, आणि त्यात वकील-डॉक्टर जास्त, विणकर एकही नाही. वाइन येते ती एका जाड बुडाच्या बाटलीत. तिच्यात 46 सेंटीलिटर मावते. अर्धा लिटर का नाही, याबद्दल एक दंतकथा आहे: मालक कामगारांना अर्धा लिटर वाइन देणं लागत, त्यांनी बूड जाड करून चार सेंटीलिटर आपल्याकडे ठेवले. खरं-खोटं देव जाणे. पण कामगारांची चार सेंटीलिटर वाइन गेली आणि लियोंला एक सुरेख बाटली मिळाली, असा व्यवहार इतिहासात बऱ्याच ठिकाणी झालेला दिसतो.

कशाबरोबर काय प्यावं यावर ग्रंथ लिहिले गेलेत. त्यातले बरेचसे, मला वाटतं, यजमानाला घाबरवण्यासाठी आहेत. बोजोलेच्या बाबतीत मात्र त्या शास्त्राची गरज कमी पडते. इथली वाइन हलकी आणि आंबट बाजूची, तुरटपणा बेताचा. डुकराच्या चरबीने जीभ माखली की हा आंबटपणा ती धुऊन काढतो, आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. विणकरांना याहून जास्त शास्त्र लागत नव्हतं. गरम सॉसेज आणि उकडलेला बटाटा, कुरकुरीत बेकन आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं घातलेलं लियोंचं सॅलड, आणि नदीपलीकडच्या ब्रेसची कोंबडी, ही सगळी तिची हक्काची सोबत. ब्रेसच्या कोंबडीला 1957 पासून कायद्याने स्वतःच्या मुलखाचं नाव वापरायचा अधिकार आहे, जो एरवी वाइनला मिळतो. याच ब्रेसकडची शेतावर वाढलेली एक पोर, युजेनी ब्रेझिए, लियोंला येऊन स्वयंपाक शिकली, आणि 1933 साली तिच्या दोन खाणावळींना मिळून मिशेलँचे सहा तारे मिळाले. ती काय पीत होती हे कुणी नोंदवलेलं नाही. मात्र एवढी सावध बाई स्वयंपाकाला न शोभणारी वाइन टेबलावर ठेवणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

एक गोष्ट मात्र विसरली जाते. ही लाल वाइन थोडी गार प्यायची, बारा-चौदा अंशांच्या आसपास. लाल वाइन खोलीतल्या तापमानाला प्यावी हा नियम ज्यांनी केला त्यांच्या खोल्या दगडी होत्या आणि त्यांना मे महिना माहीत नव्हता. पुण्यात एप्रिलमध्ये खोलीतल्या तापमानाची बोजोले म्हणजे कोमट काढा. फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, कुणी पाहुणा भुवई उंचावेल तर उंचावू द्या.

आता नव्या वाइनच्या वेडाबद्दल बोलायलाच हवं, जरी मला त्यात फार रस नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन नोव्हेंबरात प्यायची ही गावातली जुनी चाल. लियोंच्या खाणावळींत ती पिंपांतून यायची. 1951 साली सरकारने नोव्हेंबरातच ती विकायला अधिकृत परवानगी दिली. मग झॉर्झ द्युबफ हा गृहस्थ आला, ज्याने सुरुवातीला सायकलवरून खाणावळींत बाटल्या पोचवल्या आणि पुढे फुलांच्या लेबलांनी जग झाकून टाकलं. 'नवी बोजोले आली' या घोषणेने पॅरिसच्या खिडक्या भरल्या. लंडनला कोण पहिली बाटली नेतो याच्या शर्यती लागल्या, एकदा तर ती हॅरियर जातीच्या लढाऊ विमानातून गेली. 1985 पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार ठरला, म्हणजे शुक्रवार-शनिवार हाताशी येतात. जपानात घड्याळ पुढे असल्यामुळे तिथे ती फ्रान्सच्या आधी उघडते. हाकोनेच्या एका स्नानगृहात तर लोक या वाइनच्या गरम हौदात बसतात. राक्लेच्या अळ्यांना एवढी चैन परवडली नव्हती.

वाइन तशी साधी, फळाची, कधीकधी केळ्याच्या वासाची. केळ्याचा वास येतो तो आंबवण्याच्या रीतीने आणि काही यीस्टमुळे. एका संध्याकाळी मजा येते, दुसऱ्या संध्याकाळी तीच बाटली जराशी कंटाळवाणी वाटते. गंमत अशी, की साऱ्या जगाला बोजोले म्हणजे फक्त तीच, असं वाटायला लागलं. गामेच्या नशिबी हे दुसऱ्यांदा आलं. पहिल्यांदा फार पिकतं म्हणून हिणवलं गेलं, या वेळी फार खपतं म्हणून. मागणी वाढली तसे घड वाढले, घड वाढले तशी चव पातळ झाली. कुठेतरी धाडसी फिलिप समाधानाने मान डोलावत असणार. 2001 सालच्या पिकानंतर इतका माल शिल्लक राहिला, की लाखो बाटल्यांइतकी वाइन गाळून अल्कोहोल करावी लागली.

त्याच सुमाराला एका वाइन-समीक्षकाने लियोंच्या एका मासिकात बोजोलेला शौचाशी संबंधित एक विशेषण लावलं. बागाईतदार कोर्टात गेले. 2003 साली विलफ्रांशच्या न्यायालयाने मासिकाला मोठी रक्कम भरायला सांगितली. पुढे वरच्या न्यायालयात तो निकाल टिकला नाही. बोजोले आणि शौचालय यांचं नातं याआधीचं आहे. 1934 साली गाब्रिएल शव्हालिए या लियोंच्याच लेखकाने 'क्लोशमेर्ल' नावाची कादंबरी लिहिली. बोजोलेतल्या एका गावात चर्चच्या जवळ सार्वजनिक मुतारी बांधायचं ठरतं आणि त्यावरून गावाचे दोन तट पडून पार सैन्य बोलवायची वेळ येते, असं तिचं कथानक. ती इतकी गाजली, की व्हो-आँ-बोजोले या गावाने आपणच ते गाव असल्याचं जाहीर केलं. बदनामी हा उत्पन्नाचा मार्ग आहे हे ओळखून तिथे त्यांनी मुतारीही दाखवायला ठेवली आहे. बागाईतदारांनी त्या समीक्षकालाही गावात बोलावून पाटी लावली असती, तर वकिलाचे पैसे वाचले असते.

बोजोलेची पत सावरली ती मात्र कोर्टाने नाही. झ्यूल शोव्हे नावाचा एक वाइनचा व्यापारी होता, रसायनशास्त्राचा गाढा अभ्यासक. 1989 साली तो वारला. गंधक कमी, खत कमी, घड कमी, आणि टाकीत जे चाललंय ते चालू द्यावं, हे त्याचं म्हणणं. मोर्गोंच्या मार्सेल लापिएरसारख्या काही बागाईतदारांनी ते मनावर घेतलं. शेजाऱ्यांनी पुन्हा एकदा भुवया उंचावल्या, तेवढा बोजोलेचा शिरस्ता आहे. आज जगभरातल्या तरुण खाणावळींत त्या हातांची मोर्गों मिळवायला धडपड चालते. शोव्हेचं म्हणणं सगळंच मला झेपत नाही. गंधकाशिवाय केलेल्या काही बाटल्यांना गोठ्याचा वास येतो, आणि तो वास म्हणजे भूमीचा गंध असं सांगणाऱ्यांनी गोठ्यात वस्ती केलेली नसते. पण चांगली मोर्गों प्यायलात, की ड्यूकपासून मासिकापर्यंत सगळ्यांच्या शेऱ्यांचं ओझं खाली ठेवता येतं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. चांगल्या वर्षाची मूलँ-आ-वाँ आठ-दहा वर्षं ठेवली, तर तिच्यातलं फळ मागे सरतं, ओल्या पानांचा, मशरूमचा वास यायला लागतो, रंग विटकरी होतो, आणि जाणकारसुद्धा न सांगता ती पिनो समजून पितात. बोजोलेत हे गेल्या कित्येक पिढ्या सांगत आलेत, जनुकं तपासण्यापूर्वीपासून. तरुणपणी आईवर गेलेलं लेकरू म्हातारपणी बापासारखं दिसायला लागतं, आणि ज्या वयात कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरत नाही नेमकं त्याच वयात. बापाच्या बाटलीपेक्षा किंमत कितीतरी कमी असते, हा आपल्यासारख्यांचा फायदा. अर्थात आपल्याकडे येईपर्यंत करांनी तीही फुगलेली असते.

आपल्याकडच्या जेवणाबरोबर बोजोले कशी लागते, असं मला विचारतात. कोल्हापुरी रश्श्यापुढे ती हरते. अशा रश्श्यापुढे मी दूध आणि भात सोडून काहीही टिकलेलं पाहिलेलं नाही. तिखटापुढे तुरट आणि जास्त अल्कोहोलवाल्या वाइन जिभेला आग लावतात. हलकी, गार बोजोले निदान भांडत नाही. शेंगदाण्याचं कूट घातलेल्या भरल्या वांग्यांशी तिचं चांगलं जमतं. लोण्याच्या गोळ्यासकट आलेलं थालीपीठ तर तिच्यासाठीच केल्यासारखं. हुरड्याच्या दिवसांत लसणाच्या चटणीबरोबर घेऊन बघा, मला तिथे तिच्या आंबटपणाचा उपयोग कळला. पुरणपोळीबरोबर मुळीच नको, गोडापुढे ती लिंबाच्या रसासारखी आंबट होते आणि पोळीवरचं तूपही वाया जातं.

मिलिंदने लियोंतल्या एका वाइनच्या दुकानदाराला एकदा विचारलं होतं, की आमच्या घरच्या माशाच्या आमटीबरोबर कोणती बाटली उघडावी. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर, आणि प्रश्नाला साजेसा गंभीर. त्याने आमटीत काय काय पडतं ते सगळं विचारून घेतलं: नारळ, मिरची, कोकम, त्रिफळं. त्रिफळं म्हणजे काय हे समजावायला मिलिंदची दहा मिनिटं गेली. मग दुकानदार म्हणाला, "आणि तुमच्याकडे याच्याबरोबर काय पितात?"

मिलिंदने सोलकढीचं वर्णन केलं. रंग गुलाबी, चव आंबट, नारळाचं दूध, लसूण, कोथिंबीर, गार.

"मग तेच प्या," दुकानदार म्हणाला. "रंग चांगला आहे, आंबट आहे, गार आहे. तुम्हाला वाइन कशाला हवी?" आणि मिलिंद निघताना त्याने मागे हाक मारून शिरूब्लची एक बाटली हातात ठेवली. ती जेवणाआधी, आमटी उकळत असताना, उभ्या उभ्या प्यायची. बाटलीचे पैसे त्याने पूर्ण घेतले.